यंत्राच्या डोळ्याला कलेची दृष्टि : हेन्री पीच रॉबिन्सन

छायाचित्र काढण्याचें यंत्र मोठें प्रामाणिक असतें. परंतु त्याला विवेक नसतो. त्याच्या भिंगापुढें जें जें येईल तें तें सारें तें सारख्याच निष्ठेनें उतरून घेतें. आईच्या चेहऱ्यावरील वात्सल्य आणि तिच्या मागील भिंतीवरची ओल, या दोहोंपैकीं महत्त्वाचें काय, हें त्याला कळत नाहीं. कोणती वस्तु घ्यावी, कोणती टाळावी, कोणती पुढें आणावी व कोणती मागें सारावी, हा निवाडा यंत्राचा नव्हे. तें यंत्र चालविणाऱ्या मनुष्याचा आहे. आज ही गोष्ट आपणांस सहज पटते. परंतु छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेंत ती लोकांना पटवून देण्यासाठीं एका मनुष्यानें आपलें जवळजवळ सारें आयुष्य वेंचलें, पुष्कळ टीका सोसली आणि या कामीं आपली प्रकृतिहि झिजविली. त्या मनुष्याचें नांव हेन्री पीच रॉबिन्सन. चित्रकलेचे जुने, कसोटीस उतरलेले नियम छायाचित्राला कसे लावावे हें ज्यांनीं आरंभीं पद्धतशीरपणें लिहून ठेविलें, त्यांत या इंग्रज कलावंताचें स्थान फार वरचें आहे. त्याच्या चरित्रांत कलेचा पाठ आहेच. पण त्याहूनहि मोठा असा सत्यासत्याचा एक प्रश्न आहे, आणि तो अद्याप सुटलेला नाहीं.

रॉबिन्सनचा जन्म ९ जुलै १८३० रोजीं इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यांत लडलो या गांवीं झाला. लडलो हें एक लहानसें, जुनें गांव. तेथें एक प्राचीन किल्ला आहे व त्याच्या पायथ्याशीं टीम नांवाची नदी वाहते. हेन्रीचा बाप जॉन रॉबिन्सन हा शाळामास्तर होता, आणि चार भावंडांत हेन्री सर्वांत वडील. घरची स्थिति अशी बेताचीच असल्यामुळें त्याचें शालेय शिक्षण तेराव्या वर्षीं संपलें. त्यानंतर एक वर्षभर त्यानें रिचर्ड पेनवॉर्न नांवाच्या शिक्षकापाशीं चित्रकलेचे धडे घेतले. एका वर्षांत मनुष्य चित्रकार होत नाहीं हें खरें. पण पाहावें कसें हें त्याला त्या एका वर्षांत समजलें असावें, कारण पुढें जन्मभर त्यानें हातांतली पेन्सिल सोडली नाहीं.

पोटासाठीं मात्र दुसरा मार्ग धरणें भाग होतें. गांवांतीलच एका पुस्तकविक्रेत्या मुद्रकाच्या दुकानीं तो उमेदवार म्हणून राहिला. दिवसा खिळे, शाई आणि पुस्तकांचे गठ्ठे. उरलेल्या वेळीं रेखाटनें व रंग, असा त्याचा क्रम होता. १८५० मध्यें तो ब्रॉम्सग्रोव्ह येथील बेंजामिन मॉन्ड या पुस्तकविक्रेत्याकडे गेला. मॉन्ड हा वनस्पतिशास्त्राचा मोठा षोकी असून त्यानें फुलझाडांच्या सुंदर रंगीत चित्रांचें एक नियतकालिक चालविलें होतें. पुढल्याच वर्षीं रॉबिन्सन लंडन येथें एका पुस्तकांच्या पेढीवर नोकरीस लागला. १८५२ सालीं त्याच्या आयुष्यांतील पहिला मोठा आनंदाचा दिवस उगवला. लडलोजवळील टीम नदीचा देखावा त्यानें तैलरंगांत रंगविला होता. तो लंडनच्या रॉयल अॅकॅडमीच्या प्रदर्शनांत स्वीकारला गेला. वयाच्या बाविसाव्या वर्षीं, कोणत्याहि मोठ्या कलाशाळेचा आधार नसतां, दुकानांतील एका कारकुनानें मिळविलेला हा मान लहान नव्हता. अशा तरुणानें आपल्या पुढील आयुष्याची दिशा ठरली असें मानलें असतें तरी त्यांत नवल नव्हतें.

पण नेमक्या त्याच वर्षीं त्याच्या हातीं कॅमेरा आला. छायाचित्रणाची विद्या तेव्हां अवघी तेरा वर्षांची होती. १८३९ मध्यें फ्रान्सांत दागेर आणि इंग्लंडांत टॅलबट यांच्या युक्त्या जगापुढें आल्या होत्या, आणि १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें कांचेवर निगेटिव्ह घेण्याची नवी रीत प्रसिद्ध केली होती. या रीतींत कांचेच्या पट्टीवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतीत, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवीत, आणि ओली असतांनाच यंत्रांत घालून चित्र घेत. पट्टी वाळण्यापूर्वीं ती रसायनांनीं धुऊन चित्र उमटवावें लागे. काम किचकट होतें, हात काळे होत, कपडे डागळत. पण त्या कांचेवरून कागदावर जें चित्र उतरे त्याची स्पष्टता पाहून लोक थक्क होत. डॉक्टर ह्यू वेल्च डायमंड या छायाचित्रणप्रेमी वैद्याची गांठ पडल्यावर रॉबिन्सननें या विद्येलाच वाहून घेण्याचा निश्चय केला, आणि १८५७ सालीं लेमिंग्टन या गांवीं त्यानें स्वतःचा स्टुडिओ उघडला.

येथपासून त्याच्या जीवनांतील खरा झगडा सुरू झाला. चित्रकाराच्या डोळ्यानें पाहूं लागतांच यंत्राचे दोष त्याला दिसूं लागले. त्या काळच्या पट्ट्यांवर निळ्या रंगाचा परिणाम फार लौकर होई. जमीन व झाडें नीट उमटेपर्यंत आकाश जळून जाई आणि कागदावर तें पांढरें फटफटीत दिसे. ढगांचा मागमूसहि राहात नसे. माणसांचा समुदाय घ्यावा तर कांहीं क्षणपर्यंत सर्वांनीं निश्चल बसावें लागे. दहांपैकीं एकानें मान हालविली तरी सारा खटाटोप फुकट जाई. शिवाय जवळची आणि दूरची माणसें एकाच वेळीं स्पष्ट येणें कठीण होतें. चित्रकाराला यांतील एकहि अडचण नव्हती. त्याचें आकाश त्याच्या मनासारखें, त्याचीं माणसें त्याच्या मर्जीप्रमाणें. मग छायाचित्रकारानें हात बांधून बसावें काय, असा प्रश्न रॉबिन्सनच्या मनांत उभा राहिला.

याचें एक उत्तर ऑस्कर रेयलांडर यानें दिलें होतें. हा जन्मानें स्वीडिश, पण इंग्लंडांत स्थायिक झालेला कलावंत. १८५७ मध्यें त्यानें तीसांहून अधिक निगेटिव्ह एकत्र करून जीवनाचे दोन मार्ग दाखविणारें एक भव्य छायाचित्र तयार केलें आणि तें मँचेस्टरच्या प्रदर्शनांत मांडलें. व्हिक्टोरिया राणीनें त्याची प्रत विकत घेतली. रॉबिन्सनला ही युक्ति ठाऊक झाली, आणि त्यानें ती आपल्या पद्धतीनें बेतली. तो प्रथम संपूर्ण चित्राचें कागदावर रेखाटन करी. कोण कोठें बसेल, उजेड कोणत्या बाजूनें येईल, रेषा कशा वळतील, हें सारें आधींच ठरे. मग तो एकेका पात्राची वेगळी निगेटिव्ह घेई. नको असलेला भाग काळ्या रंगानें झांकी. छापतांना एक निगेटिव्ह कागदावर ठेवून बाकीचा कागद झांकावयाचा व उन्हांत धरावयाचा. मग ती काढून नेमक्या जागीं दुसरी बसवावयाची. सांधा कोठें लपवावा यांतच सारें कौशल्य होतें. कपड्याची कड, काळी सावली, दाराची चौकट, अशा ठिकाणीं तो सांधा असा मुरवी कीं, पाहणाऱ्याच्या लक्षांत येऊं नये.

या रीतीनें १८५८ मध्यें त्यानें जें चित्र सिद्ध केलें त्यानें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. 'फेडिंग अवे', म्हणजे हळूहळू विझत चाललेलें जीवन, हें त्या चित्राचें नांव. क्षयानें खंगलेली एक तरुण मुलगी उशांना टेकून पडली आहे. एक स्त्री तिच्या पाठीशीं उभी राहून तिच्याकडे वांकून पाहते. दुसरी वृद्ध स्त्री पायथ्याशीं बसली आहे, पण तिच्या हातांतील पुस्तकाकडे तिचें लक्ष नाहीं. मागें खिडकीपाशीं एक पुरुष आपल्याकडे पाठ करून उभा आहे, आणि खिडकीबाहेर आकाशांत जड ढग दाटले आहेत. हें एक चित्र पांच निगेटिव्ह जोडून झालेलें होतें. रचनेच्या दृष्टीनें त्याकडे पाहिलें म्हणजे त्याच्या कर्त्याचें चित्रकलेचें शिक्षण दिसून येतें. प्रकाश मुलीच्या अंगावर आहे. म्हणून डोळा प्रथम तिच्यावरच स्थिरावतो. दोन्ही स्त्रियांची वळण घेतलेली शरीरें तिला कवेंत घेतात व डोळ्याला इकडेतिकडे भटकूं देत नाहींत. मागील पुरुषाची काळी आकृति सर्वांत उंच आहे, परंतु तिचें तोंडच दिसत नाहीं. त्यामुळें ती मुख्य पात्राशीं स्पर्धा करीत नाहीं, उलट जें दुःख चेहऱ्यावर दाखवितां आलें नसतें तें पाठीवरून जाणवतें. चित्रांतील एकहि वस्तु उगीच आलेली नाहीं.

तथापि हें चित्र पाहून इंग्लंडांत मोठी खळबळ उडाली. कित्येकांना त्या दृश्यानें अतिशय यातना झाल्या. आपल्याच मुलीच्या मृत्युशय्येशीं एखादा परका मनुष्य यंत्र घेऊन उभा राहावा, तसा हा अनाचार आहे असें त्यांना वाटलें. चित्रकारांनीं मृत्यूचे याहूनहि दारुण प्रसंग रंगविले होते व लोकांनीं ते वाखाणले होते; मग येथेंच एवढा राग कां? कारण उघड आहे. रंगविलेलें चित्र ही कल्पना आहे हें सर्वांस ठाऊक असतें. पण छायाचित्र हा साक्षीदार आहे अशी लोकांची श्रद्धा होती. नंतर जेव्हां कळलें कीं, ती मुलगी वस्तुतः चांगली निरोगी होती, ती केवळ आजाऱ्याचें सोंग घेऊन बसली होती, आणि चित्रच मुळीं पांच तुकड्यांचें आहे, तेव्हां दुसरा आक्षेप आला. पूर्वीं हें चित्र फार खरें म्हणून वाईट ठरलें होतें. आतां तें खोटें म्हणून वाईट ठरलें! १८६० मध्यें स्कॉटलंडच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढें रॉबिन्सननें आपली जोडचित्रांची कृति मोकळेपणानें समजावून सांगितली, तेव्हां शाबासकीऐवजीं निषेधाचा गदारोळ उठला. ही कला नव्हे, ही ठिगळांची गोधडी आहे, असा टीकाकारांचा सूर होता.

त्याला आधार मिळाला तो राजघराण्याकडून. व्हिक्टोरिया राणीचा पति प्रिन्स आल्बर्ट यानें 'फेडिंग अवे'ची प्रत घेतली, इतकेंच नव्हे तर यापुढें रॉबिन्सन जें जें जोडचित्र करील त्याची एक एक प्रत आपणांस पाठवावी अशी कायमची मागणी नोंदविली. त्यामुळें टीकेचा जोर कांहींसा ओसरला. परंतु रॉबिन्सनच्या बाजूनें बोलणारी एक गोष्ट याहूनहि महत्त्वाची आहे. त्यानें आपली युक्ति लपविली नाहीं. चित्र कसें केलें हें तो सभांतून सांगे व लेखांतून लिही. हें चित्र आहे, पंचनामा नव्हे, अशी त्याची भूमिका होती. आणि ती त्यानें उजळ माथ्यानें मांडली.

ही जोडणीची रीत एकट्या इंग्लंडांतच राहिली असें नाहीं. आपल्या मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली होती. तेथील विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानें मुंबईंतील नाना जातिजमातींच्या लोकांचीं छायाचित्रें दोन ग्रंथांत प्रसिद्ध केलीं. पहिला ग्रंथ १८६३ मध्यें व दुसरा १८६६ मध्यें निघाला. त्यांतील अनेक चित्रांत माणसें एका ठिकाणीं टिपलेलीं आणि मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, असें आढळतें. येथें प्रश्न अधिक नाजूक होतो. रॉबिन्सनचें चित्र ही एक रचलेली कथा होती. पण अमुक लोक असे दिसतात अशी ग्वाही देणाऱ्या ग्रंथांत जेव्हां सांधे येतात, तेव्हां वाचकानें डोळे अधिक उघडे ठेविले पाहिजेत.

रॉबिन्सनचें कार्य जोरांत चाललें होतें. १८५९ मध्यें लडलो येथील एका औषधविक्रेत्याची कन्या सेलिना ग्रीव्ह्ज हिच्याशीं त्याचा विवाह झाला. १८६१ मध्यें त्यानें टेनिसनच्या प्रसिद्ध काव्यांतील शॅलटच्या सुंदरीचें चित्र केलें. त्यासाठीं खरोखरीची नाव सजवून तींत एका तरुणीला निजविलें आणि ती नदीच्या पाण्यावर सोडली. पुढें कित्येक वर्षांनीं त्यानें स्वतःच कबूल केलें कीं, हा प्रयोग फसला. कवीच्या कल्पनेंतील, कोणीं कधींहि न पाहिलेली सृष्टि ही छायाचित्राचा विषय होऊं शकत नाहीं असें त्याला कळून चुकलें. पुढल्या वर्षीं नऊ निगेटिव्ह जोडून त्यानें वसंतांतील फुलांच्या फांद्या घेऊन घरीं परतणाऱ्या खेड्यांतील मुलींचें लांबरुंद चित्र केलें. हा विषय मात्र नित्याच्या जगांतला होता.

परंतु रोज रसायनांत हात बुडवून व त्यांच्या विषारी वाफा श्वासावाटे घेऊन त्याची प्रकृति ढासळली होती. १८६४ मध्यें, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, त्याला लेमिंग्टनचा स्टुडिओ बंद करावा लागला. चालता धंदा गेला, शरीर थकलें. दुसरा एखादा निराश झाला असता. रॉबिन्सन लंडनला गेला आणि रसायनें सोडून त्यानें लेखणी हातीं घेतली. यंत्रानें त्याला जें करूं दिलें नाहीं तें आतां तो शब्दांनीं करूं लागला. याचें फळ म्हणजे १८६९ मध्यें प्रसिद्ध झालेला त्याचा 'पिक्टोरियल इफेक्ट इन फोटोग्राफी' हा ग्रंथ. छायाचित्रांतील रचना आणि छायाप्रकाश यांविषयींच्या सूचना असें त्याचें स्वरूप आहे. जॉन बर्नेट या कलावंताच्या चित्रकलेवरील जुन्या ग्रंथाचा त्यानें यासाठीं पुष्कळ उपयोग केला. या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि छायाचित्रकारांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

या ग्रंथांतील तत्त्वें अशीं आहेत कीं, तीं विद्यार्थ्यांनाहि सहज समजावीं. पहिलें तत्त्व ऐक्याचें. चित्रांत मुख्य गोष्ट एकच असावी. इतर साऱ्या वस्तूंनीं तिची सेवा करावी. जेथें दोन वस्तु सारख्याच बळानें डोळ्याला हांक मारतात तेथें डोळा गोंधळतो व मन कंटाळतें. दुसरें तत्त्व तोलाचें. मुख्य वस्तु बरोबर मध्यभागीं ठेविली म्हणजे चित्र निर्जीव होतें. क्षितिजाची रेषा बरोबर मध्यावर घेतली तर चित्राचीं दोन शकलें होतात. म्हणून मुख्य वस्तु थोडी बाजूस घ्यावी. पण मग दुसऱ्या बाजूस तिला तोलून धरणारें कांहीं तरी हवें. तें तितकेंच मोठें असावें असें मुळींच नाहीं. लांब दांडीच्या काट्यांत टोकाशीं टांगलेलें लहानसें वजन जसें जवळच्या मोठ्या ओझ्याला तोलून धरतें, तसें एका कडेच्या विशाल वृक्षाला दूरवर उभा असलेला एक मनुष्य तोलून धरूं शकतो.

तिसरें तत्त्व आकाराचें. ज्याचा पाया रुंद व माथा निमुळता असतो तो आकार स्थिर भासतो. म्हणूनच जुन्या चित्रकारांनीं माणसांचे समुदाय त्रिकोणांत बसविले. चार माणसें एका ओळींत सारख्या उंचीचीं उभीं केलीं तर तें कुंपण होतें. त्यांतील एकाला बसवावें, एकाला थोडें वांकवावें, एकाला मागें उभें करावें. लगेच कुंपणाचें कुटुंब होतें. चौथें तत्त्व रेषांचें. एकाच बाजूला धांवणाऱ्या तिरप्या रेषा डोळ्याला चित्राबाहेर ओढून नेतात. त्यांना अडविणारी व परत फिरविणारी दुसरी रेषा असावी लागते. पांचवें तत्त्व विरोधाचें आणि छायाप्रकाशाचें. काळ्याशेजारीं पांढरें अधिक पांढरें दिसतें. तेव्हां जेथें डोळा नेणें इष्ट असेल तेथें उजेड व अंधार यांची भेट घडवावी. इतरत्र उजेडाचे बारीक तुकडे विखुरूं देऊं नयेत, त्यांचे मोठाले, शांत विभाग करावे.

या नियमांबरोबर रॉबिन्सननें एक मर्यादाहि घालून दिली, आणि ती विसरून त्याच्या कलेचा न्याय करतां येणार नाहीं. जोडचित्रांतहि निसर्गाच्या विरुद्ध कांहीं होतां कामा नये, असा त्याचा आग्रह होता. जमिनीवर उजेड एका बाजूनें आणि ढगांवर दुसऱ्या बाजूनें, असें आकाश जोडणें हें त्याच्या मतें अज्ञानाचें लक्षण होतें. सांधा लपविला म्हणजे काम झालें, असें नाहीं. जें दिसतें तें खरोखर घडूं शकलें असतें, असें असावें. शिवाय नियम हे आंधळेपणानें पाळण्याच्या बेड्या नव्हेत, ते डोळ्याला वळण लावण्यासाठीं आहेत, हेंहि त्यानें वेळोवेळीं बजाविलें.

१८६८ पर्यंत प्रकृति सुधारली, आणि नेल्सन चेरिल या सहकाऱ्याबरोबर त्यानें टनब्रिज वेल्स येथें नवा स्टुडिओ उघडला. १८७० मध्यें तो लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीचा उपाध्यक्ष झाला. १८७५ मध्यें भागीदारी संपली, तरी त्याचें काम थांबलें नाहीं. १८७७ मध्यें त्यानें दिवसाचें काम संपवून आपल्या लहानशा घरांत शांतपणें बसलेल्या एका वृद्ध दांपत्याचें चित्र केलें. तें सहा निगेटिव्हांचें असूनहि एका श्वासांत पाहिल्यासारखें वाटतें. चित्रें आणि पुस्तकें यांचा ओघ चालूच राहिला. १८८८ मध्यें तो धंद्यांतून निवृत्त झाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं अमेरिकेंत ईस्टमन यानें आपला कोडॅक कॅमेरा बाजारांत आणला, आणि ज्याला रसायनाचा गंधहि नाहीं असा कोणीहि मनुष्य कळ दाबून छायाचित्र काढूं लागला. यंत्र सोपें झालें. निवड मात्र पूर्वीं होती तितकीच अवघड राहिली.

वृद्धपणीं त्याला एक तेजस्वी प्रतिस्पर्धी मिळाला. डॉक्टर पीटर हेन्री इमर्सन यानें १८८९ मध्यें आपला ग्रंथ लिहून रॉबिन्सनच्या मतांवर कडाडून हल्ला चढविला. इमर्सनचें म्हणणें असें कीं, कलावंतानें गुरु करावा तो निसर्गाला. जुन्या चित्रकारांच्या नियमपुस्तकाला नव्हे. डोळा एकाच वेळीं एकच वस्तु स्पष्ट पाहतो. म्हणून छायाचित्रांतहि मुख्य वस्तु तेवढी स्पष्ट व बाकीचें किंचित् मृदु असावें. त्यानें स्वतः नॉर्फोकच्या दलदलींत राहणाऱ्या कष्टकरी लोकांचीं चित्रें त्यांच्याच भूमीवर जाऊन घेतलीं होतीं. उलट रॉबिन्सन हा खेड्यांतील बायकांचे जुने कपडे विकत घेई आणि ते आपल्या ओळखीच्या सुशिक्षित स्त्रियांना घालून त्यांचीं चित्रें काढी. कारण खऱ्या खेडवळ स्त्रिया यंत्रापुढें बुजतात व ताठरतात असा त्याचा अनुभव होता. येथें इमर्सनचा बाण वर्मीं लागला असें म्हटलें पाहिजे. ज्यांचें जीवन दाखवावयाचें त्यांनाच चित्रांतून वगळलें, तर रचना कितीहि सुरेख झाली तरी तींत कांहीं तरी हरवतेंच. पण रॉबिन्सनची बाजूहि अगदींच लटकी नव्हती. डोळा एका जागीं खिळून राहात नाहीं, तो सतत फिरतो, आणि जेथें जेथें फिरतो तेथें तेथें स्पष्टच पाहतो, असें त्याचें उत्तर होतें. पुढें दोनच वर्षांत इमर्सननें आपलींच मतें मागें घेतलीं आणि छायाचित्रण ही कला नव्हे असें जाहीर केलें. रॉबिन्सननें मात्र तो विश्वास अखेरपर्यंत टिकविला.

१८९१ मध्यें अंतर्गत मतभेदांमुळें त्यानें जुनी सोसायटी सोडली, आणि १८९२ मध्यें 'लिंक्ड रिंग' नांवाचें नवें मंडळ निघालें त्यांत तो अग्रभागीं होता. छायाचित्राला केवळ शास्त्राचें अपत्य न मानतां कलाकृति म्हणून मान मिळावा हें त्या मंडळाचें ध्येय होतें. ज्या जुन्या सोसायटीशीं त्याचें बिनसलें होतें तिनेंच पुढें त्याला सन्माननीय सभासद करून घेतलें. फेब्रुवारी १९०१ मध्यें टनब्रिज वेल्स येथें त्याचें देहावसान झालें. मास्तराच्या मुलानें, तेराव्या वर्षीं शाळा सोडून, पाहण्याची कला स्वतः शिकून ती जगाला शिकविली होती.

आज त्याची कात्री व त्याचे सांधे ग्रंथालयांतील व संग्रहालयांतील अभ्यासाचे विषय झाले आहेत. त्यानें जें दिवसेंदिवस खपून साधलें तें आज खिशांतील फोनवर घटकेंत साधतें. आकाश बदलतें, माणसें येतात, माणसें नाहींशीं होतात. म्हणूनच त्याच्या आयुष्यांतील वाद आज जुना झाला नाहीं, उलट घरोघर येऊन पोंचला आहे. सांधा घालणें हें स्वतः पाप नव्हे. परंतु जें रचलेलें आहे तें रचलेलें म्हणून मांडणें, आणि जें साक्षीदार म्हणून पुढें करावयाचें त्यांत एकहि सांधा येऊं न देणें, हा भेद ज्यानें त्यानें सांभाळला पाहिजे. रॉबिन्सननें आपले सांधे कागदावर लपविले, पण लोकांपासून लपविले नाहींत. त्याच्या कलेइतकाच हा त्याचा गुण घेण्यासारखा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळीं तुमच्या हातीं कॅमेरा येईल तेव्हां कळ दाबण्यापूर्वीं क्षणभर थांबा. या चित्रांत मुख्य काय? त्याचा तोल कोण सांभाळतो? डोळा कोठून शिरतो आणि कोठें विसांवा घेतो? काय वगळलें असतां हें चित्र अधिक बोलकें होईल? एवढे प्रश्न मनाला विचारा. आणि शेवटीं आणखी एक विचारा : जो हें चित्र पाहील त्याला मी काय सांगत आहें, आणि तें खरें आहे काय? पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें तुम्हांला रॉबिन्सनच्या ग्रंथांत सांपडतील. पांचव्याचें उत्तर ज्याचें त्यानेंच द्यावयाचें आहे.